सुलतानपूरला बंद पडणारी गाडी

ट्रकची मालकीण अशी माझी ओळख कोणी करून दिली की मला अजूनही अवघडल्यासारखं होतं. मी अख्खी नोकरी मेहकरच्या एका शाळेच्या ऑफिसात केली. दाखले, हजेरीपट, शिष्यवृत्तीचे फॉर्म. फॉर्मवर खाडाखोड केलेली मला खपत नसे आणि आवाज चढवायला मला वेळ लागत नसे. खुद्द मुख्याध्यापकही माझ्या टेबलापाशी येताना आधी घसा खाकरत. ट्रक होता तो यजमानांचा. ते गेले तेव्हा ज्याने त्याने सांगितलं, विकून टाका, बाईमाणसाच्याने गाडीचा धंदा व्हायचा नाही. असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी गाडी विकली नाही.

पण ती टिकवली ती काही मी नाही, ड्रायव्हरभाऊंनी. यजमानांनी गाडी घरी आणली त्या दिवसापासून स्टिअरिंगवर तेच. सुलतानपूरचं मुसलमान घर, वडील गाद्या भरायचे. ते मला वयनी म्हणत, मी त्यांना भाऊ. सकाळच्या पहिल्या एसटीने ते मेहकरला यायचे, पंपावर टाकी फुल करायचे, गोदामातून सिमेंट नाहीतर खताच्या गोण्या चढवून लोणारच्या दुकानदारांकडे निघायचे. दुपारी रिकामी गाडी आमच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत लावायची आणि एसटीने घरी. जाता-येता वाटेत त्यांचं स्वतःचं गाव लागायचं. तरी कामावर असताना त्यांनी गाडी घराकडे वळवली असं इतक्या वर्षांत माझ्या कानावर आलं नव्हतं.

आता पोळ्याचं सांगायला हवं. माझं माहेर शेतीवालं. पोळ्याला बैलांच्या कपाळाला कुंकू, शिंगांना हिंगूळ आणि पुरणपोळीचा पहिला घास त्यांच्या तोंडात. सासरी बैल नाहीत. लग्नानंतरचा पहिला पोळा मला फार सुना गेला. मग गाडी आली आणि मी ठरवलं की या घराचं ओझं जो वाहतो तोच आमचा बैल. यजमान हसायचे, पण हार न विसरता आणून द्यायचे. गाडी धुवायची, पुढे स्वस्तिक काढायचं, चाकांना हळदकुंकू वाहायचं. राहिला घास. गाडी खाते कुठून, तर डिझेलच्या टाकीच्या झाकणातून. म्हणून त्या झाकणावर मी पुरणाचं बोट फिरवायचे आणि वर तेलात कालवलेल्या शेंदराचा जाड टिळा लावायचे. दर वर्षी करत आले, कधी काही बिघडलं नाही.

त्या वर्षी फरक एवढाच होता की झाकण नवं होतं. आमच्या भागात उभ्या गाड्यांमधून डिझेल काढून नेण्याचे प्रकार सुरू झाले होते, म्हणून मी स्वतः जाऊन कुलपाचं झाकण आणलं. एक किल्ली भाऊंकडे दिली, एक माझ्या पर्समध्ये ठेवली. पोळ्याला त्या नव्याकोऱ्या झाकणाचे लाड जरा जास्तच झाले. आठवडाभरात भाऊंचा फोन आला.

"वयनी, गाडी बंद पडली. सेल्फ मारून राह्यलो, इंजिन फिरून राह्यलं, पन उचलत नाही."

"कुठी हाय गाडी?"

"आमच्याच फाट्यावर."

सेल्फ मारला की इंजिन घर्रघर्र फिरतं, म्हणजे बॅटरी ठीक, स्टार्टर ठीक. पण डिझेल पेट घेत नाही आणि गाडी जागची हलत नाही. एवढं मला यजमानांच्या बोलण्यातून ठाऊक होतं. अर्ध्या तासाने पुन्हा फोन आला की झाली सुरू. काय केलं म्हणून विचारलं तर म्हणाले, काहीच नाही, थोडा वेळ उभी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा सुलतानपूरचा फाटा. मग एक दिवस ठीक गेला आणि नंतर लागोपाठ तीन दिवस तेच. भाऊंनी डिझेलचा फिल्टर बदलला. पाइपात हवा धरली असेल म्हणून हातपंप मारून हवा काढली. मेहकरच्या गॅरेजात गाडी नेली तर तिथे ती एका झटक्यात सुरू झाली आणि गॅरेजवाल्याने भाऊंकडेच पाहिलं. लोणारहून रिकामी परतताना ती कधीच बंद पडत नसे. भरलेली गाडी, सकाळची वेळ आणि सुलतानपूर. माझ्या डोक्यात या तीन गोष्टी एका ओळीत बसल्या.

त्यात लोणारच्या एका दुकानदाराने भर घातली. माल उशिरा आला म्हणून मी फोनवर दिलगिरी सांगत होते तर तो हसत म्हणाला, "मॅडम, तुमच्या ड्रायव्हरचं घर सुलतानपुरातच हाय न? मंग गाडीले बी तिथीच भूक लागत असन."

तो सहज बोलून गेला, पण मला ते लागलं. भाऊंची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. पोळ्याच्या आसपासच तिला मुलगी झाली होती. भाऊ स्वतःच मला सांगत, "गाडी उचलेलोक घरी जाऊन आलो, वयनी. पाच मिनिटं नात घेतली." लपवायचं असतं तर माणूस हे आपल्या तोंडाने कशाला सांगेल, हा साधा प्रश्न मला आज पडतो. तेव्हा पडला नाही. तेव्हा मला वाटलं, बघा, किती निर्ढावलेत.

मी कोणाला न सांगता सकाळची एसटी धरली आणि सुलतानपूरच्या फाट्यावर उतरले. गाडी रस्त्याच्या कडेला उभी. आत कोणी नाही. समोरच्या चहाच्या हॉटेलातल्या बाकावर पाच-सहा जण बसले होते. त्यांतला एक म्हणाला, "घरी गेले. येतीनच आता."

मी पर्समधली किल्ली काढून टाकीचं झाकण उघडलं. झाकण जरा ओढून काढावं लागलं आणि आतून सूं असा आवाज आला. उन्हाने टाकी तापली असेल, असं मनात येऊन गेलं. एक वाळकी काडी आत घालून पाहिली. डिझेल गळ्यापर्यंत होतं. म्हणजे डिझेल संपल्याची सबब नाही. मी झाकण लावलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

भाऊ आले. खांद्यावर टॉवेल, अंगाला ओव्याच्या धुरीचा वास, बाळंतिणीच्या खोलीतला. मला पाहून ते चपापले नाहीत. उलट त्यांना बरं वाटलेलं दिसलं की आता मी डोळ्यांनी पाहीन.

"मारा सेल्फ," मी म्हटलं.

ते चढले. सेल्फ मारला. इंजिन घर्रघर्र फिरलं, थांबलं. ते उतरले, हातपंपाचे दहा-बारा हात मारले, पुन्हा चढले. या वेळी गाडीने धूर सोडला आणि धडधडत सुरू झाली. त्यांचा चेहरा असा काही झाला, जणू ती बंदच राहायला हवी होती. मला तेवढं पुरलं.

"मी आले की बरी सुरू होते," मी म्हणाले. माझा आवाज ऑफिसातला होता, तो बाकापर्यंत सहज पोचत होता. "नात पाह्यची होती तर सुट्टी मागाची. गाडीच्या नावानं खोटं काऊन बोलतो तू?"

तू. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्यांच्या गावात, त्यांच्या लोकांसमोर केलं. बाकावर चहाचे फुरके थांबले. कोणीतरी नाकातून हसलं. भाऊंनी टॉवेल खांद्यावरून काढून सीटवर ठेवला, आणि मला म्हणाले, "ऊन लय हाय, वयनी. एसटी येईलोक हाटेलात सावलीले बसा." आणि गाडी घेऊन लोणारला गेले.

दुपारी त्यांनी गाडी नेहमीच्या जागी लावली. समोरची काच पुसली. मग दारात येऊन दोन्ही किल्ल्या, गाडीची आणि झाकणाची, माझ्या हातावर ठेवल्या.

"गाडीत कायतरी हाय, वयनी. मले घावलं नाही. पन मी खोटं नाही बोललो."

मी "बरं" म्हणाले. फक्त "बरं". ते वाट पाहत एक क्षण उभे राहिले होते, हेही माझ्या लक्षात आहे.

गाडी पाच दिवस उभी राहिली. दुसरा ड्रायव्हर मिळेल, पण आधी गाडी कोणाला तरी दाखवावी, म्हणून मी मेहकरातल्या जुन्या डिझेल मिस्त्रींना बोलावलं. ते आता गॅरेजात फारसं काम करत नाहीत. मुलं पाहतात, हे खुर्ची टाकून बसतात आणि आल्या-गेल्या गाडीच्या आवाजावर शेरे मारतात. मी त्यांना सगळं सांगितलं. माझ्या बाजूने सांगितलं, हेही कबूल करते. "माल भरा, टाकी फुल करा, मी नेतो," एवढंच ते म्हणाले. मी शेजारच्या सीटवर बसले.

गाडी छान निघाली. मिस्त्री एका हाताने स्टिअरिंग धरून, खिडकीबाहेर तोंड करून ऐकत होते. निम्मा रस्ता सरला. मी मनात पुढच्या ड्रायव्हरची तजवीज करत होते. आणि सुलतानपूरची घरं दिसू लागली तशी गाडीने एक आचका दिला, मग दुसरा, आणि घरंगळत जाऊन फाट्यावर उभी राहिली.

मिस्त्रींनी सेल्फ मारला. घर्रघर्र फिरला. गाडी उचलली नाही.

काय बिघडलं हे अजून कोणालाच माहीत नव्हतं. पण मिस्त्रींचं घर सुलतानपुरात नव्हतं, आणि त्यांना कोणाची नात पाहायची नव्हती. समोर तेच हॉटेल होतं, तोच बाक होता.

मिस्त्री घाई करणारे नव्हते. आधी त्यांनी इंजिन बंद करायची दोरी तपासली, ती ओढलेली राहिली तर गाडी जन्मात सुरू होत नाही. ती ठीक होती. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारला. डिझेल वर यायला पाहिजे होतं, ते आलं नाही. नुसता फेस आला. "पंपाले डिझेलच भेटून नाही राह्यलं," ते म्हणाले. टाकीकडून येणारा पाइप कुठे चेपलाय का, कुठे ओला आहे का, हे हाताने चाचपत ते मागे मागे सरकत टाकीपाशी आले. टाकीच्या पत्र्यावर तळवा ठेवला.

"किल्ली द्या."

झाकण ओढून काढलं तसा आतून सूं आवाज आला. मागच्या वेळेपेक्षा मोठा. मिस्त्री थांबले. झाकण उलटं-सुलटं करून पाहू लागले. शेंदराचा टिळा वाळून कडक झाला होता, त्यावर रस्त्याची धूळ बसून बसून तो विटकरी झाला होता.

"हे कोनं लावलं?"

"मी. पोळ्याचं."

"याच्या खाली बारीक छेद असतो, बाई. डिझेल जसं जसं खाली जाते, तशी वरून हवा आत जाया पाह्यजे. छेद बुजला की टाकी आतून आवळते, डिझेल सोडतच नाही. टाकी फुल असली, गाडी लोड असली की लवकर आवळते. घडीभर उभी ठेवली की कुठून तरी थोडी हवा घुसते, मंग होते चालू. आन् झाकन उघडलं की त लगेच." त्यांनी नखाने टिळा खरवडला. वरचा लाल थर निघाला आणि खाली पिवळट असं काही दिसलं. त्यांनी वास घेतला. "हे पुरन हाय का?"

"हो."

ते हसले नाहीत, पण हसू आवरायला त्यांना फार कष्ट पडले. "गाडीले पुरन चारलं," ते स्वतःशीच म्हणाले. "जुन्या झाकनाले छेद बाजूनं होता, म्हून खपून गेलं."

त्यांनी खिसे चाचपले, त्यांच्याकडे बारीक काही नव्हतं. मी पदराची पिन काढली आणि त्यांच्या हातात न देता झाकणच त्यांच्याकडून घेतलं. रस्त्याच्या कडेला दगडावर बसून मी तो छेद पिनेने कोरून कोरून मोकळा केला. मला आठवत होतं की त्या दिवशी झाकण मीच उघडलं होतं. मी भाऊंना खोटं पाडायला झाकण उघडलं, त्यानेच हवा आत गेली, त्यानेच गाडी सुरू झाली आणि त्याच्याच जोरावर मी त्यांना खोटं ठरवलं. पुरावा म्हणून जे मी सगळ्यांना दाखवलं ते माझंच कर्तृत्व होतं.

गाडी सुरू झाली. मिस्त्रींना मी म्हटलं, तुम्ही लोणारला जा, मी इथेच उतरते.

भाऊंचं घर मी कधी पाहिलं नव्हतं. विचारत गेले. त्यांच्या बायकोने मला आत घेतलं, खाट झटकून दिली. भाऊ मागच्या अंगणातून आले. मी उभ्यानेच बोलले, बसून बोलण्याइतका धीर नव्हता.

"भाऊ, गाडीत बिघाड होता. तो मी केलेला होता." आणि छेदाचं, शेंदराचं, पुरणाचं सगळं सांगितलं. पुरणाचं ऐकून आतून त्यांची मुलगी खुदकन हसली. भाऊही हसले.

"त्याच्यावर धूळ लय बसत होती, वयनी," ते म्हणाले. "एक-दोनदा फडकं घेतलं हातात, पुसून टाका म्हून. मंग म्हनलं, वयनीच्या पूजेचं हाय. त्याले आपला हात कसा लावाचा? डिझेल भरतानी बी झाकन काठाकाठानं धरत होतो."

मला रडणं आवडत नाही. ऑफिसात मी कधी रडले नाही, यजमान गेले तेव्हा लोकांसमोर रडले नाही. त्या खाटेवर बसून रडले. दुसरा कोणीही ड्रायव्हर असता तर त्याने ते झाकण सवयीने फडक्याने पुसलं असतं, आणि गाडी एकदाही बंद पडली नसती. यांनी माझी पूजा जपली आणि मी त्यांचं नाव घालवलं. भाऊंच्या बायकोने चहा पुढे केला आणि बाळ माझ्या मांडीवर आणून ठेवलं. या बाळाच्या नावाने मी त्यांना खोटं ठरवलं होतं, हे त्या माउलीला माहीत असणारच.

चहा संपल्यावर मी म्हटलं, "चला हाटेलावर. तिथी बोलले होते, तिथीच सांगते."

"राहू द्या, वयनी. झालं ते झालं."

मी ऐकलं नाही. ते माझ्या मागून दोन पावलं अंतर ठेवून आले. हॉटेलात मी तोच आवाज काढला आणि सांगितलं की गाडी खरंच बंद पडत होती, चूक माझी होती, भाऊ खरं बोलत होते. पण त्या दिवशीच्या माणसांपैकी बाकावर दोघंच होते. बाकीचे नवे होते, त्यांना मी काय बोलतेय ते कळेना. दोघांतल्या एकाने मान हलवली. हॉटेलवाला म्हणाला, "असू द्या हो बाई, होते असं," आणि कढईकडे वळला. अपमान ऐकायला सगळे कान टवकारतात. माफी ऐकायला कोणाला वेळ नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. नाकातून हसलेला माणूस तर तिथे नव्हताच.

चार दिवसांनी भाऊ कामावर परत आले. किल्ल्या मी दिल्या, त्यांनी घेतल्या. पुढच्या पोळ्याला हार त्यांनीच आणला. मी शेंदराची वाटी घेऊन बाहेर आले तर म्हणाले, "तोंडाले नका लावू, वयनी. कपाळाले लावा." आम्ही दोघंही हसलो. मला वाटलं, मिटलं सगळं.

त्यानंतर काही महिन्यांनी एका दुकानदाराशी समक्ष बोलायचं होतं म्हणून मी गाडीतूनच लोणारला निघाले. फाटा जवळ आला. भाऊंची बायको रस्त्याच्या कडेला उभी होती, तिचं बोट धरून नात. मुलगी पुन्हा माहेरपणाला आलेली होती आणि नात आता चालत होती. गाडी दिसताच तिने हात वर केले. भाऊंनी बारीकसा हॉर्न दिला आणि गाडी तशीच पुढे नेऊ लागले. पोर हात वर करून उभीच राहिली. हे रोजचं असावं, तिच्या आजीने तिला उचलायची घाईसुद्धा केली नाही.

"थांबवा, भाऊ," मी म्हटलं.

"येतानी भेटीन, वयनी."

"थांबवा म्हनते न."

त्यांनी गाडी बाजूला घेतली, हॅन्डब्रेक ओढला आणि उतरले. इंजिन चालूच होतं.

"बंद करा न," मी म्हटलं. सिग्नलला, वजनकाट्यावर, कुठेही मिनिटभर थांबायचं असलं तरी गाडी बंद करणारा हा माणूस. डिझेल वाया गेलेलं त्यांना पाहवत नसे.

"राहू द्या," ते म्हणाले. "चालूच बरी."

आणि ते नातीकडे गेले. त्यांनी तिला उचललं, डोक्यावर धरलं, तिच्या आजीशी काहीतरी बोलले. हॉटेलातल्या बाकावरच्या माणसांनी चालू गाडीकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या चहाकडे. माझ्याखाली सीट धडधडत होती. इंजिन बंद करायची दोरी माझ्या हाताशी होती, नुसती ओढायची. ते येईपर्यंत मी तिच्याकडे पाहत बसले, पण ती ओढायची माझी हिंमत झाली नाही.